राखणीचं गाऱ्हाणं

कोंबडा कुंपणावर चढला, मान वाकडी करून त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पलीकडच्या काजूच्या बागेत उतरला. मी कोंबडा झाकायचं डालगं हातात धरून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, तशीच उभी. त्याला तांदूळ घालायला म्हणून डालग्याची एक कड जरा उचलली होती, एवढंच. पण कोंबड्याला तेवढं पुरतं.

"गो हेमा, ह्या काय केलंस!" आई पडवीतून कळवळली. "राखणीचो कोंबो तो!"

माझी मोठी बहीण कुंदा खळ्यात भात पसरत होती. ती ओरडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. तिने मान वर करून उन्हाकडे बघितलं. बाबा खाणीवरून यायला किती वेळ आहे, ते ती बघत होती.

"धावा," ती म्हणाली.

आम्ही तिघींनी काजूची सगळी बाग पालथी घातली. कोंबडा काही सापडला नाही. चार पिसं तेवढी मिळाली. राखणदाराच्या आधी कोल्ह्याने आपला नैवेद्य उचलला होता.

आमच्या सडेवाडीत घरं सात. वर्षातून एकदा, भात घरात आलं की वाडीच्या वेशीवरच्या कुसुमाच्या झाडाखाली राखणदाराला कोंबडा द्यायचा. राखणदार म्हणजे वाडी सांभाळणारा देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही, झाडाच्या बुंध्याशी एक काळा दगड आहे तेवढा. कोंबडा पाळीपाळीने एकेका घराने द्यायचा आणि त्या वर्षी पाळी आमची होती. देवाच्या नावाने राखून ठेवलेला कोंबडा सुटणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पण खरं सांगते, मला देवाची भीती वाटली नाही. मला बाबांची वाटली.

बाबा चिरेखाणीवर कामाला होते. दिवसभर जांभा फोडायचे, त्यामुळे हात कसे असतील ते सांगायला नको. दारू ते पीत नसत. हे मी मुद्दाम सांगते, कारण बापाच्या माराची गोष्ट काढली की ऐकणारा हटकून विचारतो, "पीत होते काय?" नव्हते. प्यायले असते तर निदान आम्हाला आधी वास तरी आला असता.

वासाच्या जागी आमच्याकडे कुंदा होती. बाबा आले की पायरीवर पाय आपटून खाणीची लाल माती झाडत. दोन्ही पाय झाडले तर सगळं ठीक. एकच पाय आपटून तसेच वर आले की कुंदा माझ्या हातात कळशी द्यायची आणि म्हणायची, "विहिरीवर जा. मी हाक मारीपर्यंत येव नको." मला वाटायचं, हिला कामाचा कंटाळा, म्हणून मला पिटाळते. मी कुरकुरत जायची. परत यायची तेव्हा ती चुलीशी बसलेली असायची आणि माझ्याकडे न बघता भाकरी थापायची. किती वर्षं मी त्या कळशीवरून तिच्याशी भांडले आहे, आठवलं की लाज वाटते.

एकदा मात्र मी विहिरीवर गेले नाही. हट्ट करून बसले. बाबांनी माझ्यासाठी उचललेला हात मध्ये आलेल्या कुंदाच्या डाव्या कानावर बसला. कानाचा पडदा फाटला. आईने डॉक्टरला सांगितलं, आंब्यावरून पडली. वाडीलाही तेच सांगितलं. वाडीने माना डोलावल्या, "व्हय गो, आंबो वायटच." आमच्या खळ्यातला आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात होता, तरीसुद्धा.

त्या दिवसापासून कुंदा फार शहाणी झाली, असं लोक म्हणू लागले. शाळेत बाई तिचं कौतुक करायच्या. मुलगी किती गुणाची, काहीही सांगा, हो म्हणते!

तर कोंबडा सुटला त्या दिवशी बाबा आले. पाय एकच आपटला. कुंदाने कळशीकडे हात नेला, पण आईच्या तोंडून तोवर सगळं निघून गेलं होतं. बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांच्या पायांवरची लाल माती बघत होते. हात काही आला नाही.

"राखण चार दिवसांवर इली," बाबा शांतपणे म्हणाले. "राखण जावंदे. मगे तुका बघतंय."

राखणीआधी आमच्याकडे पाळणूक असते. ज्या घराची पाळी, त्या घरात चार दिवस मासळी शिजत नाही, शिवी द्यायची नाही, कोणावर हात टाकायचा नाही. बाबा जगात कोणाला भीत नसत, पण राखणदाराला भीत. पाळणूक ते अक्षर न् अक्षर पाळायचे. म्हणून त्या चार दिवसांत आमच्या घरात जी शांतता होती तशी मी आधी कधी बघितली नव्हती. बाबा दोन्ही पाय झाडून घरात येत. कुंदाला हळू आवाजात पाणी मागत. एकदा तर त्यांनी मला जेवताना वाढलं, "खा गो," म्हणाले. कुर्बानीच्या बकऱ्याला पाला घालतात तसं ते वाढणं होतं.

दुसरा कोंबडा शेजारच्या रुक्माकाकीने दिला. कुंपणावरून देताना ती माझ्याकडे बघून नुसती "शिवशिवा" म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. सगळ्यांनाच होतं.

"बाय, राखण झाल्यार काय होतला?" मी रोज रात्री कुंदाला विचारायची. उजव्या कानाशी तोंड नेऊन.

"झोप," ती म्हणायची.

रोज संध्याकाळी मात्र ती आबा गावकरांकडे जायची. आबा ऐंशीच्या घरातले. राखणीचं गाऱ्हाणं सांगायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, सगळ्या वाडीच्या वतीने काय हवं नको ते मोठ्याने सांगायचं, सांगणाऱ्याने एकेक वाक्य सांगून थांबायचं आणि बाकी सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. हे लिहिलेलं कुठे नसतं. आबांना हल्ली घरांचा क्रम आठवत नसे, म्हणून दोन वर्षं कुंदा त्यांच्या बाजूला उभी राहून आठवण करून द्यायची. तिला ते सगळं तोंडपाठ होतं. मला तिचा रागच आला. इथे माझ्या जिवावर बेतलंय आणि ही म्हाताऱ्याची उजळणी घेत बसली आहे!

राखणीचा दिवस उजाडला. आईने सकाळी कुंदाच्या झग्याची दुमड सोडून तो लांब केला. "ह्या वर्षी जा," ती म्हणाली, "फुडच्या वर्सापासून तुका येवक गावाचा नाय." आमच्याकडे राखणीला पुरुष जातात आणि लहान मुलं. बायका लांब बांधावर उभ्या राहतात. कुंदा बारा वर्षांची झाली होती, तेव्हा पुढच्या वर्षी तिची जागा बांधावर.

ऊन डोक्यावर आलं तसे सगळे झाडाखाली जमले. सात घरांचे पुरुष, दहा-बारा मुलं. बाबा पुढे उभे होते. "व्हय म्हाराजा" म्हणण्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. सगळी वाडी त्यांच्या आवाजाच्या मागून जायची, आणि त्या आवाजाचा मला त्या दिवसापर्यंत अभिमानही होता. मुलांचं हे असंच असतं. ज्याला भितात त्याचाच अभिमान बाळगतात.

आबा दगडापुढे उभे राहिले. त्यांच्या डाव्या बाजूला कुंदा, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सालाबादप्रमाणे सात घरांची लेकरां आज तुझ्या पायांकडे इलेली आसत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो काय कोंबो-नारळ दिलेलो आसा, तो गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मागे उभी राहून घरं मोजत होते. गाऱ्हाणं संपलं की राखण झाली, राखण झाली की पाळणूक सुटली, आणि पाळणूक सुटली की माझी पाळी. एकेक "व्हय" माझ्या पाठीकडे येत होतं. गावकरांचं घर झालं. परबांचं झालं. राऊळांची दोन घरं झाली.

"धुऱ्यांच्या..." आबा म्हणाले आणि त्यांना खोकला आला.

धुरी म्हणजे आम्ही. आबा खोकले ते खोकलेच. कमरेत वाकले, डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी तांब्या पुढे केला. आबांनी तांब्या बाजूला सारला आणि कुंदाच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग तू," ते खोकत म्हणाले. "मोडू नको."

गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये तोडायचं नसतं. तोडलं तर राखणदार उलटतो, असं आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. एक मुलगी गाऱ्हाणं सांगते हे कोणाला रुचलं नसेल, पण कोणी मध्ये बोलेना. कुंदा पुढे झाली. तिचा आवाज स्वच्छ होता, आणि आबांसारखाच दर वाक्याला चढून थांबत होता.

"धुऱ्यांच्या घराची राखण कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"धुऱ्यांचो कोंबो सुटलो, ती लेकराची चूक झाली. ती तू पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू घातलंस, तशी तेच्या बापानपण पोटात घालूची, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. नेहमीसारखा. मी डोळे फाडून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. कुंदाने श्वास घेतला.

"ह्या सात घरांतल्या बायलमाणसांवर, पोरांवर जो कोण हात उगारीत, मगे तो परको असो नायतर घरचो असो, तेचो हात तू धर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझो हात पोचापर्यंत, तो उगारलेलो हात सात घरांनी धरूचो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या "व्हय"मध्ये बाबांचा आवाज नव्हता. बाकी सगळे सवयीने म्हणून मोकळे झाले आणि मग एकमेकांकडे बघू लागले. कुंदा थांबली नाही. तिने उरलेल्या दोन घरांची नावं घेतली, चुकलंमाकलं माफ कर म्हणून सांगितलं आणि हात जोडले. आबांचा खोकला तेवढ्यात थांबला होता. त्यांनी नारळ फोडला.

देवापुढे म्हटलेलं "व्हय" परत कसं घेणार?

दिवेलागणीला बाबा घरी आले. पायरीवर एकच पाय आपटला. कुंदाने कळशी माझ्या हातात दिली. या वेळी मला सगळं कळत होतं, म्हणून मी ती खाली ठेवली.

"कोणी शिकवल्यान तुका?" बाबांनी कुंदाला विचारलं. आवाज अगदी हळू होता. हळू आवाज सगळ्यांत वाईट.

"कोणी नाय."

"सगळ्या वाडीसमोर माझी अब्रू घालवलंस."

"मी खय तुमचा नाव घेतलंय, बाबा?"

हात वर गेला. आई भिंतीला टेकली. आणि कुंदाने काय केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती मागे सरली नाही, डोक्यावर हात घेतले नाहीत. तिने मान वळवून डावी बाजू त्यांच्यापुढे केली. गेलेला कान. जो आहे तो तिने राखून ठेवला.

मला काय झालं कोण जाणे. मी नऊ वर्षांची, भित्री, कोंबडा सोडणारी. माझ्या तोंडून किंकाळी फुटली ती अशी:

"व्हय म्हाराजा!"

बाबांचा हात तसाच वर. मग कुंपणापलीकडून रुक्माकाकीचा आवाज आला. ती दुपारी बांधावर होती, झाडाखाली नव्हती, पण तिने ऐकलं होतं.

"व्हय म्हाराजा!"

तिच्यामागून परबांच्या खळ्यातून एका बाईचा. मग राऊळांच्या घरातून दोन. मग एका पुरुषाचाही, जरा ओशाळा. इतकी वर्षं आमच्या घरातला आवाज त्यांच्याकडे जात होता. त्यांचा आवाज आमच्याकडे पहिल्यांदा आला. कोणी भांडायला आलं नाही, कोणी दार ठोठावलं नाही. नुसतं एकामागून एक घर "व्हय" म्हणत होतं.

बाबांचा हात खाली आला. खुंटीवरचा पंचा घेऊन ते खळ्यात गेले.

त्यानंतर बाबा देवमाणूस झाले, असं काही नाही. सांगायला बरं वाटलं असतं. ते ओरडायचे, ताट भिरकावायचे. त्या वर्षात तीनदा हात वर गेला आणि तिन्ही वेळा कुंपणावरून "व्हय म्हाराजा" आलं. तिसऱ्या वेळी तर रुक्माकाकी दातांना तपकीर लावता लावता म्हणाली, तरी भागलं. चौथ्यांदा हात वर गेला नाही. बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी पन्नाशीला आले, तरी कोणी पायरीवर एकच पाय आपटला की माझा हात अजून कळशी शोधतो.

कुंदा शिक्षिका झाली. अजून शिकवते. डाव्या बाजूच्या बाकांवरची मुलं तिला फसवायला बघतात, आणि ती फसत नाही म्हणून तिला भलतंच मानतात.

गेल्या वर्षी आम्ही दोघी राखणीला गेलो, म्हणजे बांधावर. आबा केव्हाच गेले. त्यांचा पणतू हल्ली गाऱ्हाणं सांगतो, मोबाइलमध्ये उतरवून घेतलं आहे त्याने. वाट बघता बघता मी कुंदाला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"बाय, त्या दिवशी आबांका खोकलो इलो नसतो, तर?"

ती हसू लागली. "आबांका खोकलो कधी होतो गो? ते चार दिवस मी तेंच्याकडे जात होतंय ता कित्याक? तेंका सांगलंय, माका मधी चार शब्द घालूचे आसत. आबा घाबरले. म्हणाले, 'बाये, माका बोलाक जमाचा नाय, माका ह्या वाडीत रवाचा आसा. पण खोकाक जमात.'"

मी विचारलं, "आणि लोक व्हय म्हणाले नसते, तर?"

"ते म्हणतले, ह्या माका ठावक होता." तिने आपल्या डाव्या कानाला हात लावला. "ह्यो गेलो ना, तेवा माका निम्मा आयकाकच येय ना. मगे मी काय करी? बोलणारो माणूस थांबलो की 'हो' म्हणी. बाई थांबल्यो, हो बाई. सगळी म्हणत, काय गुणाचा चेडू! वरीसभर कोणाक कळला नाय. मगे एक दिवस राखणीक बघलंय, तर दोन कानांची माणसां पण तेच करतत. बोलणा कोण आयकता? माणूस थांबलो की व्हय."

ज्या हाताने तिचा कान नेला, त्या हाताला अडवायची युक्ती तिला त्या गेलेल्या कानानेच दिली होती. आणि बारा वर्षांच्या त्या पोरीने ती कोणाजवळ बोलून न दाखवता वर्षभर जपून ठेवली होती, माझ्यासाठी.

झाडाखाली गाऱ्हाणं सुरू झालं. गावकर झाले, परब झाले. सुटलेल्या कोंबड्याचं वाक्य त्या वर्षापुरतंच होतं, पण हाताचं वाक्य दरवर्षी म्हणतात. एकदा गाऱ्हाण्यात आलेलं काही गाळायची कोणाची छाती होत नाही. ते कुठून आलं, हे निम्म्या वाडीला आज माहीत नाही.

वारा उलटा होता. मुलाचा आवाज बांधापर्यंत धड पोचत नव्हता. माझे दोन्ही कान शाबूत, तरी मला शब्द लागेनात. कुंदा मात्र डोळे बारीक करून त्याच्या खांद्यांकडे बघत होती. खांदे खाली आले तशी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" तिच्यामागून बांधावरच्या सगळ्या बायका म्हणाल्या.

"तुका आयकाक इला?" मी विचारलं.

"नाय," कुंदा म्हणाली. "पण तो थांबलो ना?"